चिंचेचा पाला

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, नंतर लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. त्यावर दोन दिवस लिहीत बसले आणि माझी मलाच झोप आली. म्हणून विषय बदललाय. परवानगी घेतलेली नाही. संयोजकांना राग आला तर ते माइक बंद करू शकतात, पण माइक आपल्याच वर्गातल्या एकानं जोडलाय आणि तो माझ्या बाजूचा आहे.

हा डबा बघा. मागच्या बाकांवरून दिसत नसेल तर सांगते, आपल्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, काळ्या प्लास्टिकचा. आमच्या गाडीत हा होता. गाडी फोर-बाय-फोर आहे, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना जोर देणारी. तो जोर कधी लावायचा आणि कधी नाही हे या डब्यानं ठरवायचं. गाडीच्या कंपनीच्या भाषेत याला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, गॅरेजात 'डबा'. मी आज डबाच म्हणणार आहे.

आधी आमच्या आण्णांबद्दल. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात गलाईचा धंदा होता किंवा आहे, त्यामुळं जास्त सांगायला नको. आण्णा तमिळनाडूत तीस वर्षं सोनं-चांदी गाळत होते. दुकान भावकीतल्या पोरांच्या हवाली करून गावी परत आले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. वस्तीवर घर बांधलं आणि जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली. मी म्हटलं, आण्णा, आपल्या खानापूर तालुक्यात गाडी रुतण्याइतका चिखल आहेच कुठं? आपल्या लहानपणी खरंच नव्हता. बाईंना आठवत असेल, पाऊस आला म्हणून शाळा सुटली असं फार क्वचित झालं. पण टेंभूचं पाणी आलं, आमच्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला, पाटाचं पाणी पाणंदीत झिरपायला लागलं, आणि वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड किलोमीटर पावसाळ्यात नांगरल्यासारखा होतो. आण्णांचा अंदाज बरोबर होता.

ही गाडी घराशेजारच्या चिंचेखाली उभी असते. आता हे झाड लक्षात ठेवा.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आण्णांचा फोन आला. फोर-बाय-फोरचा दिवा नुसता उघडझाप करतोय आणि पुढची चाकं लागत नाहीत. मी पुण्यात, दोन मीटिंगच्या मध्ये. म्हटलं, चांगल्या सर्व्हिस सेंटरला दाखवू. कुठल्या ते सांगत नाही, त्याची गरज नाही. त्यांनी स्कॅनर लावला, मॉड्यूल गेलंय म्हणून सांगितलं, आणि नवीन डब्याचं पाच आकडी बिल पाठवलं. मी फोनवरच पैसे भरले. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'मॉड्यूल बदललं. काम झालं.' दिवा विझला होता, पुढची चाकं लागत होती. झालंच होतं की काम.

पुढच्या वर्षी परतीच्या पावसात, दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी, रात्री अकराच्या सुमारास आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घरात आई आणि शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा. त्यानं गाडी काढली. पाणंदीत निम्म्यावर मागची चाकं फिरायला लागली. त्यानं नॉब फोर-हायवर फिरवला. दिवा उघडझाप करायला लागला. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मागची चाकं आपली जागेवर खड्डा करत राहिली.

आईनं मला फोन केला होता आणि तो चालूच राहिला. मी पुण्यात स्वयंपाकघरात उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत होते. शेवटी एकानं ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि गाडी ओढत डांबरीला काढली. यात चाळीस मिनिटं गेली. पुढं विट्यात पहिले उपचार, मग रातोरात मिरज, आणि सकाळी एक स्टेंट. आण्णा बरे आहेत. आत्ता घरी आहेत, आणि हे भाषण त्यांनी काल वाचून पास केलंय. पण त्या दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत त्यांना बघता आली नाही. दुखण्यापेक्षा त्याचाच त्रास त्यांना जास्त झाला.

मी रजा काढून आले ती संतापून आले. सगळ्यात आधी ती गाडी विकायची होती. आण्णा कॉटवरून म्हणाले, "इकायची तर नीट करून इक. मोडकी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारू नको." म्हणून मी गाडी घेऊन गॅरेज शोधत निघाले आणि आपल्या वर्गातल्या एकाच्या दारात पोचले. त्यानं नाव घेऊ नको म्हटलंय. ओळखा. दहावीत माझा पहिला नंबर होता तेव्हा याला गणितात किती पडले होते ते सरांना पाठ असेल. आणि २६ जानेवारीला शाळेचा लाउडस्पीकर बंद पडला तेव्हा ध्वजवंदनाच्या आधी पाच मिनिटांत कुणी चालू केला होता, तेही आठवत असेल. आयटीआय, मग दुसऱ्याच्या गॅरेजात दहा वर्षं, आणि आता स्वतःचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज.

तो आधी मला 'मॅडम' म्हणाला. मी म्हटलं, मॅडम काय रे? मग 'अगं' वर आला.

मी सगळी हकीकत सांगितली. वर्षापूर्वी डबा बदलला, आता पुन्हा तेच, बहुतेक त्यांनी हलका माल घातला. तो शांतपणे म्हणाला, "पहिला डबा का गेला होता?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पहिला डबा कशामुळं गेला, ते कुणी बघितलं का?"

आता मी तुम्हाला माझं काम सांगते, म्हणजे संयोजकांचा विषयही थोडा होईल. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर चालू असताना बंद पडतात. ती का पडली हे शोधणाऱ्या लोकांची मी प्रमुख आहे. नुसतं बंद करून पुन्हा चालू केलं आणि चाललं, असं कुणी माझ्याकडं लिहून आणलं तर मी ते परत पाठवते. नवीन पोरांना मी टोयोटाच्या ताइची ओनो यांचं उदाहरण देते. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला. फ्यूज का उडाला? यंत्रावर जास्त भार आला. भार का आला? बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. वंगण का पुरत नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. पंप का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता, कारण तोंडाला गाळणी नव्हती आणि धातूचा चुरा आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर थोड्या दिवसांनी पुन्हा उडाला असता. हे मी वर्षातून चार-पाच वेळा फळ्यावर लिहिते. आणि आण्णांच्या गाडीच्या वेळी मी फ्यूज बदलून पैसे भरून मोकळी झाले होते. सर्व्हिस सेंटरवर रागवायला मला जागाच नव्हती. डबा गेलाय असं ते म्हणाले होते आणि डबा खरंच गेला होता. 'का' हे विचारायचं काम माझं होतं.

असो. आता डबा काय करतो ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुन्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. एकानं पुढचा अॅक्सल जोडायचा, दुसऱ्यानं लो गिअर टाकायचा. सगळा हाताचा जोर. आमच्या गाडीत त्या दांड्यांच्या जागी एक नॉब आहे. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. इंजिनाचा जोर तिच्यात येतो आणि मागच्या चाकांना कायम जातो. नॉब फोर-हायवर फिरवला की डबा एका छोट्या मोटरला हुकूम देतो, मोटर आतला खटका सरकवते, आणि साखळीनं तो जोर पुढच्या चाकांच्या शाफ्टलाही मिळतो. फोर-लो म्हणजे त्याच पेटीतला आणखी एक गिअर. त्यात गाडी हळू चालते, पण चाकावरची ताकद अडीच पटीच्या आसपास वाढते. तो टाकायला गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते.

मोटर किती फिरली हे डब्याला कसं कळतं? मोटरवर चार वायरी असतात. प्रत्येक वायर एकतर अर्थला जोडलेली असते किंवा नसते, म्हणजे शून्य किंवा एक. चार वायरींच्या सोळा शक्यता, आणि त्यातल्या मोजक्याच खऱ्या. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी त्या ऑइलच्या वासात खुर्चीवर सरळ होऊन बसले. चोवीस वर्षं मी ज्या शून्य-एकावर जगतेय ते इथं चार रंगीत वायरींत समोर लोंबकळत होते. मी शंभर पानी वही मागून घेतली आणि तक्ता केला. तो हातानं मोटरला बारा व्होल्ट देऊन एकेका जागी नेत होता आणि मी शून्य-एक लिहीत होते. त्या दुपारी मला आनंद झाला हे कबूल करायला लाज वाटते, कारण आण्णा अजून कॉटवर होते.

मोटर चांगली निघाली. तिच्यावरचे चार आकडेही बरोबर आले. मग डब्याकडं येणारी वीज. मी मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. म्हटलं, वीज ठीक आहे. तो हसला. त्यानं इंडिकेटरचा जुना एकवीस वॅटचा बल्ब घेतला, दोन वायरींना जोडला आणि त्याच दोन टोकांना लावला. बल्ब निखाऱ्यासारखा मंद लाल.

सर, तुम्ही आम्हाला ओमचा नियम शिकवलात. मी तो बिनचूक लिहिला आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. पण मीटरच्या पोटातला रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो आणि तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळं गंजलेल्या वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढा भार टाकला की वायर खरी किती शिल्लक आहे ते कळतं. मला नियम येत होता, त्याला वायर कळत होती. सोनं रंगावरून घेत नाहीत, कसोटीवर घासून कस बघतात, हे गलाईवाल्याच्या पोरीला दुसऱ्यानं शिकवायला लागलं.

कपलर काढला. कपलर म्हणजे डब्यात खोचायचं वायरींचं सॉकेट. आत ओल होती आणि एक पिन हिरवी झाली होती. ती साफ केल्यावर बल्ब लख्ख लागला, पण डबा मोटरला हुकूम देईना. मग डबाच उघडला. आतल्या पाटीवर रिलेला वीज नेणारी तांब्याची पट्टी खाऊन गेली होती. म्हणजे डबा खरंच गेला होता, दुसऱ्यांदा. पाण्यानं.

त्या रात्री काय झालं असेल ते मला तिथं कळलं. ओल्या कपलरमध्ये शेजारशेजारच्या पिना पाण्यानं जोडल्या गेल्या, त्या चार वायरींवर भलताच आकडा आला, जो तक्त्यात बसत नाही. असा आकडा आला की डबा काहीच करत नाही, फक्त दिवा उघडझाप करतो. कारण खटका कुठं आहे हे माहीत नसताना मोटर फिरवली तर गिअर अर्धवट लागून पेटी मोडू शकते. कुठल्या तरी ऑफिसात माझ्यासारख्याच कुणी तरी बसून हे लिहिलं असणार, 'शंका असेल तर काही करू नको.' मीही असं शेकडो वेळा लिहिलंय, आणि त्याला आम्ही 'सुरक्षित' म्हणतो. पेटीसाठी ते सुरक्षितच होतं. मागच्या सीटवर छातीला हात लावून बसलेला माणूस त्या आकडेमोडीत कुठंच नव्हता. यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण तेव्हापासून कुणी माझ्यासमोर 'सुरक्षित' शब्द लिहिला की मी विचारते, कुणासाठी ते पुढं लिहा.

मी म्हटलं, यापेक्षा जुन्या जीपचे दांडे बरे. तो म्हणाला, "दांडा ओढायला तुझ्या आईला जमलं असतं का?" तेही खरं.

मग पाणी येतं कुठून, हा प्रश्न. हा डबा डाव्या बाजूला, पुढं बसणाऱ्याच्या पायाजवळ, पत्र्याच्या मागं असतो. गाडी आम्ही वस्तीवर नेली, चिंचेखाली नेहमीच्या जागेवर लावली. आण्णा तोवर हिंडायला लागले होते. त्यांना खुर्ची दिली आणि हातात बॅटरी देऊन पायाजवळच्या जागेवर उजेड धरायला बसवलं. वरून आमचा मित्र पुढच्या काचेच्या खालच्या कडेला तांब्यानं पाणी ओतत होता. एक तांब्या, दोन, पाच. काही नाही. मी मनातल्या मनात दुसरं कारण शोधायला लागले होते. दहाएक मिनिटांनी आण्णा म्हणाले, "आलं."

एक थेंब. वायरींच्या जुडग्यावरून ओघळत आला आणि नेमका कपलरच्या तोंडात गेला.

वायपरच्या खाली जी जाळी असते ती काढली. तिच्याखाली पन्हळ असते आणि पन्हळीला दोन्ही टोकांना पाणी जायला भोक. डाव्या बाजूचं भोक चिंचेच्या पाल्यानं गच्च भरलं होतं. तुम्हाला माहीत आहे, चिंचेचं पान किती बारीक. जाळीतून आरामात जातं, आणि ओलं होऊन धुळीत मळलं की लिंपल्यासारखं बसतं. पाणी जायला वाट नाही म्हणून पन्हळ भरायची, आणि इंजिनाकडून आत वायरी येतात त्या भोकाचं रबर जिथं चिरलं होतं तिथून पाणी वायरीवरून चालत डब्यापर्यंत. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये आपलं विटा देशात पहिलं आलं. आमच्या गाडीची गटार मात्र सर्वेक्षणात राहून गेली होती.

ओंजळभर पाला निघाला. तो आण्णांनी तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी उघडलेला डबा मागून घेतला, चष्मा लावून हिरवी पिन बघितली आणि विचारलं, "ही पिन प्लसची हाय का?"

होती. बॅटरीचा कायमचा प्लस जिथं येतो तीच पिन.

"मग ती झिजणारच," आण्णा म्हणाले. "चांदी शुद्ध करताना प्लसला लावलेली लगड झिजती आन मायनसला चांदी बसती. पाणी आन वीज एकत्र आली की ह्येच व्हायचं."

पाण्यात भिजलेल्या कपलरमध्ये प्लसची पिन सगळ्यात आधी का जाते, हे आण्णांनी गलाईच्या हौदावरून सांगितलं. आमचा मित्र म्हणाला, "आण्णा, वीस वर्षं मी बघतोय की प्लसचीच पिन जाते. कारण आज कळलं." मी इंजिनिअरिंगला हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

आता डबा बदलण्याची गोष्ट, आणि त्यात माझा दुसरा गाढवपणा. नवीन डबा मिळायला महिने लागणार होते, म्हणून जुन्या गाडीतला काढलेला शोधला. एक मिळाला. दिसायला हुबेहूब, कपलर तोच, पिना तेवढ्याच. मित्र म्हणाला, नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं आहे, नको. मी म्हटलं, अरे, सारखाच आहे, लाव. मला पुण्याला परत जायचं होतं. त्यानं माझ्यासाठी लावला. दिवा उघडझाप. पुन्हा काढला. अर्धा दिवस गेला. बाहेरून एकच दिसणाऱ्या दोन डब्यांत आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, हे मला सांगावं लागलं. मला! तो काही बोलला नाही, फक्त चहा मागवला, आणि चहावाल्याला म्हणाला, "मॅडमना साखर जास्त."

योग्य नंबरचा चार दिवसांनी मिळाला. बॅटरीचा मायनस काढून ठेवला, पाच मिनिटं थांबलो, कपलरच्या पिना साफ करून त्याला ग्रीस लावलं. वायरींना त्यानं मुद्दाम खाली झोल दिला. आपल्या घरात खांबावरून येणारी वायर भिंतीत शिरण्याआधी खाली वाकवलेली असते ना, तसा. पाणी आलंच तर वाकलेल्या जागेवरून खाली टपकावं, आत जाऊ नये. डबाही वीतभर वर बसवला, कपलरचं तोंड खाली करून. भोकाचं रबर बदललं. पन्हळीच्या भोकावर बारीक जाळी. शेवटी पुन्हा पाणी ओतलं, या वेळी बादलीनं, आणि आण्णा अर्धा तास बॅटरी धरून बसले. कोरडं.

सगळ्यात कमी वेळ डबा बदलायला लागला. पंधरा मिनिटं.

मग पाणंदीत नेली. डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून बघायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि डांबरावर चाक घसरत नसल्यानं तो सगळा ताण गिअरवर येतो. चिखलात चाक थोडं सरकतं, म्हणून तिथं चालतं. आण्णा शेजारी बसले. नॉब फिरवला, खालून 'खट्' असा आवाज आला, दिवा एकदा मिचकावला आणि लागूनच राहिला. त्या रात्रीचा खड्डा अजून तिथं होता. गाडी त्यातून गेली. आण्णांनी मागं वळून खड्ड्याकडं बघितलं, आणि मला म्हणाले, "पुढं बघ."

गाडी विकली नाही. आण्णा महिन्यातून एकदा पाणंदीत फोर-बाय-फोर लावून दोन किलोमीटर फिरवतात, कारण वापरलं नाही की खटका आळसावतो, असं मित्रानं सांगितलंय. दर रविवारी जाळी उचलून पाला काढतात. चिंच तोडायची का असं मी विचारलं होतं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

थोडं विषयांतर करते. आमच्या ऑफिसात कुणी म्हटलं की खेड्यातल्या लोकांना तंत्रज्ञान शिकवायला पाहिजे, की मी त्यांना देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचा व्हिडिओ दाखवते. आपल्या शेजारचं गाव. त्यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ देशभर पोचवला, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. लोक व्हिडिओ बघून हसतात, कौतुक करतात आणि विसरतात. मीही तसंच केलं होतं. किकवर चारचाकी चालू करायची म्हणजे नेमकं काय काय जमवावं लागलं असेल, हा प्रश्न मला त्या गॅरेजातल्या चार दिवसांनंतर पडला.

आपल्या मित्रानं मजुरी किती घेतली ते सांगत नाही. मी दुप्पट द्यायला गेले तर त्यानं अर्धे परत केले आणि म्हणाला, "तक्ता तू केलास." तो तक्ता आता त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, माझ्या अक्षरात. या मॉडेलची गाडी आली की तो वर बघून आकडे जुळवतो. आत्तापर्यंत तीन गाड्या झाल्या. त्यातल्या एकीत डबा चांगलाच होता, नुसती अर्थची वायर गंजली होती, आणि मालकाचं पाच आकडी बिल वाचलं. सर, तुम्ही माझ्या अक्षरावरून मला फार बोलायचात. आता ते गॅरेजात लागलंय.

संयोजक घड्याळ दाखवतायत. हा डबा मी इथं टेबलावर ठेवते, हिरवी पिन डावीकडून तिसरी, जेवणानंतर येऊन बघा. आणि शाळेच्या मैदानात झाडाखाली ज्यांनी गाड्या लावल्यात त्यांनी जाताना काचेखालच्या जाळीत बोट घालून बघा. माझी पुण्याची गाडी आण्णांनी आज सकाळीच बघितली. मूठभर निघाला.